दवाखान्याचा पैसा नेमका कुठे वळतो?

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. ग्रामीण रुग्णालयाची इमारत बहुधा नवी दिसेल. दर्शनी भिंतीवर कोनशिला असेल आणि तिच्यावर पालकमंत्री, खासदार, आमदार अशी मानाच्या क्रमाने नावं. आत सोनोग्राफीचं यंत्र असतं, ते चालवणारा डॉक्टर नसतो. ऑपरेशन थिएटर असतं, भूल देणारा नसतो. रात्री अकराला अडलेली बाई आली की सिस्टर ठरलेलं वाक्य बोलतात, “यवतमाळला न्या” नाहीतर “मेडिकलला न्या,” म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. घरचे लोक सिस्टरवरच चिडतात आणि गाडी शोधायला पळतात. त्या रात्री काय होणार हे मात्र कितीतरी आधी कागदावर ठरून गेलेलं असतं. कोणत्या कामाला पैसा द्यायचा आणि कोणतं काम पुढच्या वर्षावर ढकलायचं, हे ज्या बैठकीत ठरलं तिथेच.

टक्केवारीबद्दल, म्हणजे टेबलाखालच्या पैशाबद्दल, इथे लिहिलेलं नाही. तो व्यवहार सगळ्यांना माहीत आहे. पण बराच मोठा पैसा पूर्ण कायदेशीर वाटेने, सह्याशिक्क्यांनिशी, गरजेच्या जागेपासून दूर जातो. त्याबद्दल आरडाओरडा होत नाही, कारण कागदोपत्री कुठेच गुन्हा घडलेला नसतो. हा दुसरा पैसा ओळखायचा कसा, ते पाहू.

आधी दार ओळखा

साध्या भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. ही दोन्ही जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. त्यावरचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. जिल्ह्यात त्यांचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, किंवा यवतमाळ, अकोला, गोंदिया, चंद्रपूर इथली शासकीय महाविद्यालयांची रुग्णालयं तिसऱ्याच खात्याची, वैद्यकीय शिक्षण विभागाची.

हा फरक खिशाला लागतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळी सेवा मोफत आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. म्हणजे तालुक्याला मोफत झालं असतं तेच काम ‘रेफर’ झाल्यामुळे पैसे मोजून करावं लागतं, वर गाडीभाडं आणि दोन माणसांची मजुरी बुडते ती वेगळी. तक्रारीचंही तसंच. प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार शल्यचिकित्सकाकडे टाकली तर ती महिनाभर फिरून परत येते.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासकाचा कारभार राहिला. आरोग्य केंद्राला डॉक्टर नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन बसावं असा निवडून आलेला सदस्यच त्या काळात नव्हता. निवडणुकांचा प्रश्न कोर्टात अडकला होता हे खरं. पण तो सोडवायची घाई कुठल्याच पक्षाला झालेली दिसली नाही.

२२१० आणि ४२१०

राज्याच्या अर्थसंकल्पात आरोग्याचा खर्च मुख्यतः दोन लेखाशीर्षांखाली सापडतो. २२१० म्हणजे चालू खर्च: पगार, औषधं, डिझेल, वीजबिल, दुरुस्ती. ४२१० म्हणजे भांडवली खर्च, मुख्यतः बांधकामं. सगळी गोम या दोन आकड्यांत आहे.

इमारतीला कंत्राटदार लागतो. तिचं भूमिपूजन होतं, लोकार्पण होतं, दोन्ही वेळा फोटो येतो, आणि काम पाच वर्षांच्या आत संपवता येतं. सिमेंट, लोखंड, रेती, फर्निचर, यंत्रसामग्री यांतला प्रत्येक पुरवठादार कोणाच्या तरी ओळखीचा असतो आणि निवडणुकीत गाड्या लावतो. नर्सच्या पगाराला पुरवठादार नसतो. ती एकदा कायम लागली की तीसेक वर्षं सरकारच्या खर्चात राहते, म्हणून वित्त विभाग पद द्यायला हात आखडतो. आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा, खासदार निधीही ५ कोटींचा. दोन्हींतून रुग्णवाहिका घेता येते, खोली बांधता येते, पण पगार देता येत नाही. म्हणून रुग्णवाहिका उभी दिसते आणि ड्रायव्हर सापडत नाही.

दवाखान्याच्या इमारतीची मंजुरी आणि तिथल्या पदांची मंजुरी या दोन वेगळ्या फायली आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. इमारतीच्या फायलीला प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला पाठपुरावा करणारा कोणीतरी असतो. पदनिर्मितीची फाईल आरोग्य विभागाकडून वित्त विभागाकडे आणि उच्चस्तरीय सचिव समितीकडे जाते. तिच्यामागे कोणी धावत नाही. त्यामुळे इमारत पूर्ण होते, कुलूप लागतं, पावसाळ्यात छत गळायला लागतं आणि दुरुस्तीचं नवं कंत्राट निघतं.

देखभालीचीही हीच गत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासायचे आदेश निघाले. आग विझवायची यंत्रणा आणि जुनी वायरिंग हे कोनशिला न लागणारे खर्च आहेत, म्हणून ते दरवर्षी यादीच्या तळाशी जातात.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं आणि एकूण साधनांपैकी दोनतृतीयांश वाटा प्राथमिक सेवेला द्यायला सांगितला होता. महाराष्ट्र त्या ८ टक्क्यांपासून बराच लांब राहिला. मधल्या काळात सत्तेत जवळजवळ सगळेच पक्ष येऊन गेले.

एक माणूस नसला की

ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन व्हायला चार गोष्टी एकाच वेळी हजर लागतात: स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त साठवण केंद्र. यातली एक नसेल तर उरलेल्या तिघांचा उपयोग नाही. सगळ्यात जास्त तुटवडा भूलतज्ज्ञाचा. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पगार घेतोय, थिएटर स्वच्छ आहे आणि तरीही प्रत्येक अडलेली बाळंतीण शहराकडे जाते, याचं कारण बहुतेक वेळा हे एकच रिकामं पद असतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि १०२ ची गाडी मोफत आहे. हक्क कागदावर पूर्ण आहे, तो द्यायला माणूस नाही.

डॉक्टर खेड्यात का टिकत नाहीत, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. राहायला धड क्वार्टर नाही, मुलांना शाळा नाही, रात्री एकटी महिला डॉक्टर आणि बाहेर दारू पिऊन आलेला जमाव. यातल्या क्वार्टरच्या दुरुस्तीचा आणि चौकीदाराचा खर्च फार मोठा नाही, पण तो २२१० मधला आहे.

शिवाय प्रतिनियुक्ती नावाची पळवाट आहे. पद दुर्गम तालुक्यातलं, पगार तिथल्या नावावर निघतो, माणूस मात्र ‘तात्पुरता’ जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. असे आदेश वजनदार माणसाच्या फोनवर निघतात, कधी तोंडीच असतात. सरकारी तक्त्यात पद ‘भरलेलं’ दिसतं आणि गावात विचारलं की उत्तर येतं, “डॉक्टर सायेब मीटिंगले गेले.” म्हणून रिक्त पदांचा आकडा एकटा विचारून भागत नाही. तीन आकडे विचारायचे: मंजूर किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर किती.

औषधाच्या कपाटात

२०१७ मध्ये राज्याने सगळ्या खात्यांची औषधखरेदी एकत्र करून हाफकिन महामंडळाकडे दिली. एकगठ्ठा खरेदी केली की दर उतरतो, हा विचार योग्य होता. पण मागणी, निविदा, दरकरार, पुरवठा आणि बिल या साखळीत एक कडी अडकली की अख्ख्या राज्याचं कपाट एकदम रिकामं होतं, आणि तसं वारंवार झालं. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमलं. साखळी तीच आहे. आरोग्य केंद्राने ई-औषधी या सरकारी संगणक प्रणालीवर मागणी कमी नोंदवली, किंवा आधीचं बिल थकलं म्हणून पुरवठादार थांबला, तरी चिठ्ठी बाहेरच्या मेडिकल स्टोअरची मिळते. बाहेरच्या दुकानदाराचा धंदा याच चिठ्ठ्यांवर चालतो, त्यामुळे ही अवस्था सुधारावी असं प्रत्येकालाच वाटतं असं समजू नका.

सापाचं उदाहरण घ्या, कारण जून ते ऑक्टोबर आपल्याकडे ते रोजचं आहे. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. विषबाधेची लक्षणं दिसली की पहिली मात्रा ८ ते १० कुप्यांची असते. लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने विष माणसाच्या वजनाप्रमाणे सोडलेलं नसतं. घोणस चावली असेल आणि सहा तासांनी तपासल्यावरही रक्त गोठत नसेल तर पुन्हा तेवढ्याच कुप्या. म्हणजे एका रात्री दोन रुग्ण आले तर ४० कुप्या लागू शकतात. केंद्रात ५ कुप्या असणं आणि एकही नसणं यात फारसा फरक नाही. रक्त गोठतं की नाही याची चाचणी जवळजवळ फुकट आहे: २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करून बघायची. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि निकाल चुकतो. बरीचशी गफलत इथेच होते, कारण पुरवठ्यात प्लास्टिकच्या नळ्या येतात आणि काचेच्या मागवायचं कोणाला सुचत नाही.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, सरपंच किंवा दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या सदस्याने औषध निर्माण अधिकाऱ्याला साठा नोंदवही दाखवायला सांगावी आणि कुप्यांची संख्या व मुदत बघावी. समितीकडे स्वतःचा निधी असतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या मूळ आखणीत प्राथमिक केंद्राला अबंध (म्हणजे ठरावीक कामाचं बंधन नसलेलं), देखभाल आणि समिती अनुदान मिळून वर्षाला १ लाख ७५ हजार रुपये, आणि गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला १० हजार रुपये ठरलेले होते. तातडीची स्थानिक खरेदी याच निधीतून करायची असते. अनेक ठिकाणी समितीची बैठक फक्त सह्यांपुरती होते आणि पैसा मार्चमध्ये रंगरंगोटी नि पडद्यांवर जातो.

विमा: ऑपरेशनला लाखो, गोळीला काही नाही

राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि कुटुंबामागची मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. या योजनेने हृदयाची, मेंदूची, कर्करोगाची ऑपरेशनं गरिबांच्या आवाक्यात आणली हे नाकारण्यात अर्थ नाही. तिच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे.

विम्याचा पैसा जिथे उपचार होतो तिथे जातो. योजनेतल्या खासगी रुग्णालयांची दाटी नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत. कोरची, भामरागड, धारणी भागात शोधावी लागते. सरकारी रुग्णालयालाही या योजनेत सामील होऊन केलेल्या ऑपरेशनचे पैसे मिळवता येतात, आणि काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव ठेवलेले आहेत. पण भूलतज्ज्ञ नसेल तर ऑपरेशन नाही आणि ऑपरेशन नाही तर पैसा नाही. मग तोच रुग्ण, तोच सरकारी पैसा घेऊन, खासगीत जातो; खासगी रुग्णालय वाढतं आणि तालुक्याचा दवाखाना आणखी वाळतो. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असलेल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही: पाणी सोडल्याची नोंद बरोबर असते, वरच्या अंगाला पंप लागलेले असतात.

दुसरं, ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बीपी, शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीतल्या तपासण्या तिच्यात नाहीत, आणि घरातला पैसा मुख्यतः तिथेच झिरपतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला लागतात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, त्या चालू असताना ठरावीक काळाने रक्ततपासणी, आणि गरज पडली तर रक्त. महिनाभर गोळ्या संपल्या की रुग्ण कळा घेऊन भरती होतो. गोळीच्या खर्चात वाचलेला पैसा मग भरतीत जातो. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं, तपासणीची कार्डं वाटली गेली. आपल्या उपकेंद्रात गोळ्यांचा खंड पडला का, हे विचारणं त्या कार्डापेक्षा महत्त्वाचं.

योजना वापरायची पद्धत थोडक्यात: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन थेट रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर जायचं, अनामत भरायच्या आधी. तातडीच्या वेळी मंजुरी फोनवरून घेता येते, कागद नंतर. “तुमचा आजार पॅकेजमध्ये बसत नाही” असं सांगितलं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा बसतो. औषध बाहेरून आणायला लावलं तर पक्कं बिल घ्या आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर रुग्ण भरती असतानाच तक्रार नोंदवा. सुट्टी झाल्यावर केलेली तक्रार लोंबकळते.

धर्मादाय रुग्णालयांचा न वापरलेला हक्क

नागपूर-अमरावतीतली काही मोठी रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. अशा न्यासांना करात सूट मिळते, कित्येकांना जमीन आणि वाढीव बांधकामाची सवलत मिळालेली असते. बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची असते.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजारपणाच्या आधीच काढून ठेवा; रात्री दोनला तो मिळत नाही. रुग्णालयात समाजसेवा अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. “खाट शिल्लक नाही” असं उत्तर आलं तर त्या दिवसाची राखीव खाटांची स्थिती मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करा. हे उत्तर सर्रास मिळतं, कारण तपासायला कोणी येत नाही हे रुग्णालयाला ठाऊक असतं. न्यासाचे विश्वस्त कोण आहेत हे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत सापडतं. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांची दारं उघडली आणि कित्येक राजकारणी घराणी शिक्षणाच्या, पुढे रुग्णालयांच्या धंद्यात आली. सरकारी जिल्हा रुग्णालय उत्तम चाललं तर ज्याच्या खाटा रिकाम्या राहतील तोच माणूस त्या जिल्हा रुग्णालयाच्या निधीवर मत देत असेल, तर निदान तेवढं मतदाराला माहीत हवं. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात, नमुना २६ मध्ये, मालमत्ता, गुंतवणूक आणि उत्पन्नाची साधनं असतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं.

जे कायदे येतच नाहीत

न केलेलं काम फाईलमध्ये दिसत नाही, म्हणून ते पकडणं अवघड. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला, ज्यात दर आणि किमान दर्जा यांवर सरकारी नियंत्रणाची सोय आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. इथे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच काम चालतं. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं सक्तीचं केलं. दर किती असावेत यावर मात्र अंकुश आला नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टरांनी मोठा संप केला होता, हे आपल्या नेत्यांनीही पाहिलंय.

यवतमाळात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कीटकनाशकांवर नवा कायदा आणायचं विधेयक २००८ मध्ये आलं, २०२० मध्ये पुन्हा आलं, संसदेच्या समितीकडे गेलं. फवारणीच्या औषधांना अजून १९६८ चाच कायदा लागू आहे.

२०१७ मध्येच कंपन्यांनी पक्षांना द्यायच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली आणि निवडणूक रोखे आणले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही घटनाबाह्य ठरवलं. नंतर जाहीर झालेल्या यादीत औषध कंपन्या आणि रुग्णालय समूहही होते. कोणी कशाच्या बदल्यात दिले हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही. पण दर ठरवणारा कायदा ज्यांना नको आहे ते देणगी देऊ शकतात आणि सिकलसेलचा रुग्ण देऊ शकत नाही, एवढं तिच्यावरून कळतं.

खाणीचा पैसा

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली इथे आरोग्यासाठी पैसाच नाही असं कोणी म्हणालं तर त्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानबद्दल विचारा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातून दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरावी लागते. तिचा किमान ६० टक्के भाग, २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार ७० टक्के, पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करायचा असतो, तोही खाणीच्या आसपासच्या गावांत. धूळ खाणाऱ्या गावाला आधी, असा साधा हिशेब. प्रत्यक्षात हा पैसा जिल्ह्याच्या गावच्या रस्त्यांकडे, सभागृहांकडे, सुशोभीकरणाकडे ओढला जातो, कारण प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेत खासदार-आमदार असतात आणि मतं शहरात जास्त.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांच्या हातात इथे खरं हत्यार आहे. एटापल्लीसारख्या भागात या निधीतल्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. ठराव करताना मोघम ‘आरोग्य सुविधा मिळावी’ लिहू नका. ‘उपकेंद्रात धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांची तपासणी, वर्षातून दोनदा, फिरत्या पथकासह’ असं नेमकं लिहा. मोघम ठरावातून शेवटी शोभेचं गेटच उभं राहतं.

मार्चच्या आधी

जिल्हा नियोजन समितीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, आरोग्याला रक्कम ठरते. मग ती उशिरा वितरित होते, दवाखान्याची खरेदी निविदेत अडकते, आणि वर्षअखेरीला ‘अखर्चित’ ठरून पुनर्विनियोजनात दुसऱ्या खात्याकडे वळते. तांत्रिकदृष्ट्या सगळं नियमात. त्यामुळे ‘आरोग्याला किती कोटी मंजूर’ या बातमीला काही किंमत नाही. मंजूर, वितरित, खर्च आणि पुनर्विनियोजित असे चार आकडे शेजारी ठेवा. हे जानेवारीत विचारले तर उपयोग होतो, एप्रिलमध्ये विचारले तर फक्त चीड येते. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, पुरवणी मागण्या तिथेच मांडल्या जातात. तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पदनिर्मितीवर प्रश्न टाकायला आमदाराला अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, लेखी, पदांच्या यादीसकट सांगा.

लोकांनी दवाखान्याचा हिशेब विचारायची रीत आपल्याकडे नवी नाही. लोकाधारित देखरेख २००७ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. गावाने सेवेला हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यासमोर ठेवायचे. ज्यांनी ते केलं ती माणसं अजून गावागावांत आहेत, त्यांना गाठा.

उरला माहितीचा अधिकार. ‘डॉक्टर का नाही’ असं विचारलं की अर्ज फेटाळला जातो, कारण ‘का’ ही माहिती नाही, कागद ही माहिती आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयापुरता हवा. जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून (दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही), असं लिहा:

“अमुक प्राथमिक आरोग्य केंद्राबाबत मागील आर्थिक वर्षातील पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात. १) संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे. २) प्रतिनियुक्तीचे सर्व आदेश. ३) सर्पदंश प्रतिविष व श्वानदंश लसीच्या साठा नोंदवहीची प्रत्येक महिनाअखेरची पाने. ४) रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्ते व खर्चपत्रके.”

चार मुद्दे एका विषयात बसत नाहीत असं माहिती अधिकारी म्हणतील असं वाटलं तर पदांचा एक आणि साठा-खर्चाचा दुसरा, असे दोन अर्ज करा. उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. नागपूर विभागातल्या जिल्ह्यांसाठी नागपूर खंडपीठ, वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांसाठी अमरावती. तिथे तारीख लागायला वेळ जातो. म्हणून पहिल्याच अर्जात मूळ नोंदवह्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची मागणीही लिहून ठेवा. निरीक्षणाचा पहिला तास मोफत असतो, आणि साठा नोंदवहीत एकाच शाईने एका बैठकीत भरलेली सहा महिन्यांची पानं ओळखायला तेवढा वेळ पुरतो.